मोटारीतला पाट

आमच्या सासरी मोटार आली तेव्हा तिच्यात पाच जणांची जागा होती. घरात माणसं चार आणि एक ड्रायव्हर, म्हणजे हिशेब काठोकाठ जुळत होता. तरी मी उरले. हे कसं घडलं ते सांगायला आता माझ्याखेरीज कुणी राहिलेलं नाही, म्हणून सांगते.

सासर हुबळीचं, कापसाच्या अडतीचं. दोन पिढ्यांपूर्वी निपाणीकडून आलेलं घराणं. घरात मराठी, दुकानात कानडी आणि भांडणात दोन्ही. मी मिरजेहून लग्न होऊन आले. सासऱ्यांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. माझे यजमान स्वभावानं गरीब. कुठलाही प्रश्न त्यांच्यापुढं ठेवला की ते "बघू" म्हणत, आणि मग खरोखर नुसते बघत राहत.

अप्पा अंगानं बुटके होते, पण हे कुणाच्या चटकन लक्षात येत नसे, कारण ते सदा गादीवर असत. आमच्या पेढीवर बसण्याची एक रीत होती. चौथऱ्यावर दोन गाद्या, त्यांवर पांढरी खोळ, मागं लोड, आणि तिथं अप्पा. त्याखाली एका गादीवर दिवाणजी. त्याखाली जाजमावर तोलणारे आणि गिऱ्हाईक. बाहेरगावचा कुणी नवखा माणूस दुकानात शिरला तरी मालक कोण हे त्याला विचारावं लागत नसे, उंची बघितली की पुरे. ही व्यवस्था देवानंच लावून दिली आहे असं अप्पांना मनापासून वाटायचं.

एकोणीसशे तीस उलटून काही वर्षं झाली होती. रेल्वेतला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला आणि त्याची मोटार अप्पांनी घेतली. कापडी हुडाची, काळी, लांबलचक गाडी. पुढच्या दोन सीटा सुट्या आणि रुळांवर बसवलेल्या. सीटच्या बुडाशी हातानं फिरवायचा, कान असलेला एक स्क्रू होता. तो सैल केला की सीट पुढंमागं सरकायची, मग पुन्हा आवळायचा. साहेबानं जाताना सगळं हातवारे करून समजावलं. चालवणाऱ्याचे पाय पेडलापर्यंत पुरे पोचले पाहिजेत, गुडघा जरा वाकलेला हवा, पाठ टेकलेली, नजर बॉनेटच्या वरून रस्त्यावर. अप्पांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. साहेब फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाले, "स्वतःच गाडी हाकतो बिचारा. नोकर ठेवायची ऐपत नसंल."

आमची ऐपत होती. अप्पांनी एका संस्थानातून ड्रायव्हर आणवला. राजेसाहेबांची मोटार चालवलेला माणूस म्हणून बाजारात आठवडाभर त्याची वाखाणणी झाली. उंचापुरा, पिळदार मिशा, आणि सीटवर बसला की पाठीचा कणा असा ताठ की भिंतीला ओळंबा लावावा. ह्याच ताठपणासाठी अप्पांनी त्याला निवडला आणि पहिल्याच दिवशी तोच त्यांच्या डोळ्यांत सलला.

झालं असं. दुर्गद बैल नावाच्या चौकातल्या बाजारातून मोटार पहिल्यांदा निघाली. अप्पा मागं, ड्रायव्हर पुढं. अण्णिगेरीकडचा एक जुना शेतकरी, दरसाल आमच्याकडंच कापूस घालणारा, रस्त्याच्या कडेला थांबला, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं, आणि "नमस्कार री, सावकार!" म्हणून त्यानं वाकून हात जोडले. जोडले ते ड्रायव्हरला. त्याची काही चूक नव्हती. पुढं ताठ बसलेला मिशाळ माणूस, मागं सीटमध्ये रुतलेली एक काळी टोपी. शेतकऱ्यानं उंची बघितली आणि जन्मभर दुकानात जे शिकला तेच केलं. ड्रायव्हरनंही शांतपणे मान लववून नमस्कार घेतला. संस्थानात त्याला सवय असेल.

अप्पा घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेढीवरची एक गादी मोटारीत आली. आतल्या स्प्रिंगांनी ती गिळून टाकली, म्हणून दुसरी आली. कापसाचा व्यापारी आणि गाद्यांना काय तोटा! तरी ड्रायव्हरचा खांदा अजून वरच दिसत होता. मग सुताराला बोलावून पुढच्या सीटखालची लाकडी चौकट चार बोटं कापली. पुढं ड्रायव्हरशेजारी बसायचे ते माझे यजमान. त्यांची सीट कापायची गरज पडली नाही. ते बापाच्या पुढ्यात आपणहूनच खाली घसरून बसत.

ड्रायव्हरही काही कमी नव्हता. सीट कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो डोक्याला भला मोठा फेटा बांधून आला, वर वीतभर तुरा. "संस्थानात हाच होता," म्हणाला. अप्पांना त्याला फेटा काढ म्हणता येईना, कारण संस्थानचा ड्रायव्हर म्हणून तर गावभर सांगितलेलं. तेव्हा तिसरी गादी आली. ती दिवाणखान्यातली, गुळगुळीत साटिनच्या खोळीची, खास पाहुण्यांसाठी ठेवलेली. आता अप्पांची टोपी वर हुडाला टेकू लागली, आणि खड्डा आला की भुवयांपर्यंत खाली बसू लागली. त्यावर उपाय म्हणून हूड कायमचं दुमडून ठेवलं. उन्हातान्हात, धुळीत, तिन्ही गाद्यांवर मांडी घालून, मागं लोड घेऊन अप्पा हुबळीतून जायचे, ते थेट मिरवणुकीतल्या गणपतीसारखे दिसायचे. नमस्कार मात्र आता चुकेना. घरात शांतता झाली.

एक बाब राहिली होती. मांडी घालून बसलं की अप्पांचे गुडघे पुढच्या सीटला लागत. मग साहेबानं दाखवलेला तो स्क्रू पहिल्यांदा उपयोगात आला. ड्रायव्हरची सीट अगदी शेवटापर्यंत पुढं सरकवली आणि आवळून टाकली. आता त्याचं पोट हातातल्या चाकाला चिकटलं, गुडघे दोन्ही बाजूंना फाकले आणि नजर चाकाच्या वरून जायची ती चाकाच्या आऱ्यांमधून जाऊ लागली.

"रस्ता काणसोदिल्ल री, अप्पा," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. रस्ता दिसत नाही हो.

"मला दिसतोय की," अप्पा वरून म्हणाले. "मी सांगत जातो."

आणि खरंच सांगत जात. "डावीकडं म्हस हाय." "टांगा यायला लागलाय." "ते बघ, आपला दिवाणजी चाललाय." उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती, पण हाकताना बघितलं ते इथंच. उंट तेवढा कापसाचा होता.

आता बायकांचं. गाद्यांनी मागची दीड माणसाची जागा खाल्ली होती. राहिलेल्या कोपऱ्यात अक्का बसत, आणि त्यांच्या नि अप्पांच्या मध्ये एक मोठी कापडी पिशवी उभी ठेवलेली असे. सत्यनारायणाची पूजा सोडली तर ती दोघं चारचौघांत शेजारी बसलेली कुणी पाहिली नव्हती, आणि मोटार म्हणजे तर चारचौघांहून जास्त. पिशवीत काही नसायचं. मी एकदा आत बघितलं होतं, नुसतं एक जुनं लुगडं कोंबलेलं होतं.

मग मी कुठं बसायचं? ड्रायव्हरशेजारी? परका पुरुष. मागं गादीवर? सासऱ्यांच्या बरोबरीनं, तेही उंचावर? पायाशी एक घडीची छोटी सीट होती, साहेबाच्या कुत्र्याची असावी. तिच्यावर पुढं तोंड करून बसले तर वडीलधाऱ्यांना पाठ होते, मागं तोंड करून बसले तर सासऱ्यांच्या तोंडाला तोंड होतं. घरच्या चौघांनी, म्हणजे अप्पांनी, पुष्कळ विचार केला आणि ती सीट उपटून काढून तिथं एक पाट मांडला. ड्रायव्हरची सीट पुढं गेल्यानं मागं पाटापुरती जागा झालीच होती. त्या पाटावर मी अक्कांच्या पायाशी बसायचं, पाठ ड्रायव्हरच्या सीटला, तोंड अक्कांच्या गुडघ्यांकडं, पदर कपाळापर्यंत. मोटार पुढं जायची आणि मी उलट्या दिशेनं. हुबळीचा एकही रस्ता मी येताना पाहिला नाही, सगळे जातानाच पाहिले.

"सुनेला पाट दिलाय," अप्पा आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. "पाट म्हणजे मान." ह्यावर काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिथं अंग चोरून बसल्यावर अक्का आपले दोन्ही गुडघे माझ्या खांद्यांना घट्ट आवळून धरत. मला वाटायचं, त्यांना पाय ठेवायला अडचण होते म्हणून त्या मला ढकलतायत. मला त्यांचा रागही यायचा.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मला दिवस गेले. ही दुसरी खेप होती. पहिलं मूल मोटार यायच्या आधी, पाचव्या महिन्यात गेलं होतं. का गेलं ते कुणालाच कळलं नाही, आणि घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. मी बोलत नव्हते कारण बोलले असते तर थांबले नसते. ह्या खेपेला मात्र मी मनाशी घट्ट ठरवलं होतं की हे मूल मला हवंय. माझं सगळं चित्त त्या एका गोष्टीवर होतं. रात्री कूस बदलताना सुद्धा मी आधी हात पोटावर ठेवायची.

धारवाडला मळमड्डीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा हात चांगला, असं सगळ्या बायका म्हणायच्या. त्यांच्याकडं दर महिन्याला जायचं ठरलं. त्यांनी पहिल्याच भेटीत तपासलं आणि बजावलं, "धक्का बसता कामा नये. गाडीतून येत असाल तर मागच्या सीटवर नीट बसायचं, पाठीला टेकू घ्यायचा, पाय मोकळे सोडायचे. अवघडून, खाली उकिडवं बसायचं नाही. कळलं ना?" मला चांगलंच कळलं. अडचण अशी होती की मला कळून उपयोग नव्हता.

मी अक्कांना सांगितलं. अक्कांनी यजमानांना सांगितलं. यजमान "बघू" म्हणाले, आणि मी फारच मागं लागले तेव्हा त्यांनी एकदाचं अप्पांच्या कानावर घातलं.

"खाली बसायचं नाही?" अप्पा म्हणाले. "मग पाट काय खाली असतोय? पाटावर देव बसवतात."

त्यांनी पाटावर एक उशी दिली. वर डॉक्टरीणबाईंना घरच्या रीतीभातींची माहिती नसते असंही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तुम्ही म्हणाल, हुबळी-धारवाड रेल्वे होती की. होती. मी तेही सुचवून बघितलं, अक्कांच्या मार्फत. अप्पा म्हणाले, "दारात मोटार उभी असताना सून आगगाडीनं गेली तर लोक म्हणणार मोटार मोडली." बरं, मोटारीनंच जायचं तर अप्पांनी घरी राहावं, म्हणजे मागं जागा होईल? तेही शक्य नव्हतं. मालकाशिवाय मोटार गावातून गेली तर लोकांना ती ड्रायव्हरची वाटेल. म्हणून माझ्या तपासणीला दर खेपेला अप्पा स्वतः यायचे, तिन्ही गाद्यांसकट. सुनेची किती काळजी घेतात, असं शेजारपाजारी म्हणत.

सहावा महिना पार पडला. पहिलं मूल गेलं ती वेळ मागं पडली तसा मला थोडा धीर आला. सातव्यात मूल लाथा मारू लागलं, आणि मला कधी नव्हे ते हसू येऊ लागलं. त्या महिन्यातली फेरी होती. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. उणकल मागं पडलं, रायापूर आलं. मी पाटावर, उलट्या तोंडानं. पुढं काय चाललंय ते मला दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसत होते ते अप्पा, आभाळात बसलेले.

नवलूरचे पेरू त्या भागात नावाजलेले. पेरूच्या टोपल्या भरलेली एक बैलगाडी वळता वळता रस्त्यात आडवी झाली होती. हे मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच दिसलं की अप्पांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "पेरू."

आता म्हैस म्हणताना, टांगा म्हणताना त्यांचा सूर सावध करण्याचा असायचा. हा सूर 'घ्यायचे का?' असा होता. ड्रायव्हरनं गाडी तशीच पुढं हाकली. थोड्या वेळानं अप्पा पुन्हा म्हणाले, "अरे, पेरू!" तोवर चाकाच्या आऱ्यांतून त्यालाही बैलाची शिंगं दिसली. त्यानं ब्रेकवर पाय मारला, पण गुडघा चाकात अडकलेला. पाय निम्मा खाली गेला, मग निसटला, मग त्यानं दोन्ही पायांनी जीव खाऊन दाबला.

मोटार थांबली, गाद्या थांबल्या नाहीत. आधी वरची साटिनची निघाली, तिच्यावर अप्पा, मांडी घातलेली तशीच. ते माझ्या डोक्यावरून गेले. त्यांच्या धोतराचा सोगा माझ्या तोंडावरून फिरला आणि ते ड्रायव्हरच्या फेट्यावर जाऊन पडले. मोटारीचं पुढचं चाक रस्त्याकडेच्या चरात उतरलं. माझी पाठ कापलेल्या लाकडी चौकटीच्या कडेवर दाणकन आपटली. खांदे मात्र हलले नाहीत. अक्कांनी ते गुडघ्यांत धरून ठेवले होते आणि वरून माझं डोकं दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं होतं.

मग गोंधळ. पेरूवाला कानडीत आमच्या सात पिढ्या उद्धरत होता. त्याचं काही गेलं नव्हतं, एक टोपली तेवढी सांडली होती आणि त्याचेच बैल पेरू खात उभे होते. अप्पा फेट्यात गुरफटले होते. यजमानांनी त्यांना सोडवलं. सुटल्या सुटल्या अप्पांनी पहिलं विचारलं, "टोपी कुठं हाय?" मग यजमान, ड्रायव्हर आणि जाणारे-येणारे दोघे टोपी शोधायला लागले.

"डोळे कुठं होते तुझे?" अप्पा ड्रायव्हरवर ओरडले.

"तुम्हीच खाली बसवलेत की ते," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि पहिल्यांदाच तो वाकून उभा होता.

मी पाटावरच होते. पाठीतून कळ कमरेत उतरत होती. पण मी कळेकडं बघत नव्हते. मी हात पोटावर ठेवून बसले होते आणि मूल हलत नव्हतं. सकाळपासून नुसता धिंगाणा चालला होता त्याचा. आता काहीच नाही. मी वाट बघितली. इतकी भीती मला आयुष्यात त्याआधी वाटली नाही आणि नंतरही वाटली नाही. नवरा चरात वाकून टोपी शोधत होता, आणि मला वाटलं, ह्या सगळ्यांना जाळून टाकावं. मोटार, गाद्या, टोपी, मान, सगळं.

"अक्का," मी म्हणाले, "हलत नाही."

अक्कांनी माझ्या पोटावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच धरला. मग त्या उठून उभ्या राहिल्या, मोटारीत, भर रस्त्यावर, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. अप्पांसमोर आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. चढवला नाहीच त्यांनी. अगदी हळू बोलल्या.

"टोपी ऱ्हाऊ दे. मोटार वर काढा आधी."

टोपी शोधणारे मोटारीकडं धावले आणि त्यांनी चाक चरातून वर काढलं. अक्कांनी उरलेल्या दोन्ही गाद्या एकेक करून उचलल्या आणि रस्त्यावर टाकल्या. लोड टाकला. मधल्या पिशवीतलं लुगडं काढून घेतलं आणि पिशवी टाकली. शेवटी पाट उचलून चरात भिरकावला.

"अगं, लोक बघालेत," अप्पा म्हणाले.

"बघूद्यात."

त्यांनी मला उघड्या सीटवर बसवलं, जिथं अप्पा बसायचे तिथं. पाठीमागं ते जुनं लुगडं घडी करून दिलं, पाय मोकळे सोडायला लावले, आणि स्वतः मला टेकून बसल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुझी सीट मागं घे. रस्ता दिसंल एवढी उंच कर." त्यानं टाकलेल्यातली एक गादी घडी घालून आपल्या बुडाखाली घेतली, स्क्रू फिरवला आणि हुबळीत आल्यापासून पहिल्यांदा नीट बसला. मग अक्कांनी अप्पांना पुढं ड्रायव्हरशेजारची जागा दाखवली. नुसतं बोट केलं. यजमानांना पेरूवाल्याशी मिटवून त्याच्याच बैलगाडीतून मागोमाग यायला सांगितलं. यजमान "बघू" म्हणाले नाहीत.

अप्पा बसले. उघड्या डोक्यानं, आपल्या ड्रायव्हरपेक्षा वीतभर खाली, धारवाडपर्यंत. वाटेत कुणी नमस्कार केला असेल तर तो कुणाला केला ते मला माहीत नाही. माझं लक्ष पोटाकडं होतं. मी पहिल्यांदाच मोटारीतून पुढचा रस्ता बघत होते आणि मला तो दिसत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मला आत निजवलं आणि नळी पोटाला लावून ऐकू लागल्या. एकदा इथं, एकदा तिथं. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. मी छताकडं बघून श्वास धरला होता. अखेर त्या म्हणाल्या, "आहे. ठोके चांगले आहेत. घाबरून गप्प झालंय, दुसरं काही नाही." आणि तेवढ्यात, जणू तिचंच नाव निघाल्यासारखी, पोटातून लाथ बसली. ती लाथ माझ्या मुलीची. आज ती स्वतः आजी आहे आणि अजूनही कुणी गप्प बस म्हटलं की बसत नाही. मी मोठ्यानं रडले. अक्का रडल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाई पाठीवरचा वळ बघून चिडल्या. "मी बजावून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हिचं आधीचं एक गेलंय, आणि तुम्ही हिला खाली बसवून आणता?" मग अक्कांकडं वळून त्यांनी नेहमीच्या चौकशीतला प्रश्न विचारला. "तुमचं स्वतःचं कधी असं झालं होतं?"

अप्पा दाराशी, ओसरीवर आले होते. आत यायची रीत नव्हती, पण पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते.

"दोन गेली," अक्का म्हणाल्या. "हिच्या नवऱ्याच्या आधी. दोन्ही बैलगाडीत, नरगुंदच्या वाटेवर."

मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. यजमानांनाही ठाऊक नसावं. चाळीस वर्षं ह्या बाईनं ते पोटात ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं त्या गुडघ्यांनी मला ढकलतायत.

"दोन्ही गाडीत? कशानं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अक्का पडद्याकडं बघून म्हणाल्या, "गादीवर मालक होते. मी मागं, गाडीच्या साट्याच्या उघड्या कडेला. बसायला जागा नव्हती."

पडद्याखालचे पाय हलले नाहीत. आम्ही बाहेर आलो तेव्हा ओसरीवरचं लांब बाक रिकामं होतं, आणि अप्पा त्याच्या शेजारी भिंतीला धरून उभे होते.